विश्वास का ठेवता, असं कुणी विचारलं तर

श्रोतेहो, नमस्कार.

लंडन मिशनरी सोसायटीनं 1820 साली बेळगावात काम सुरू केलं. दोनशे वर्षं होऊन गेली, तरी खानापूर-निपाणीकडच्या ख्रिस्ती माणसाला शेजारी अजून विचारतो, ‘ख्रिस्तावर तुमचा विश्वास का?’ आणि उत्तर येतं, ‘आजोबांपासून आम्ही चर्चला जातोय की.’ ही घराण्याची हकिकत झाली. कारण कुठं सांगितलंत?

कारण कसं असतं, ते टिळकांच्या घरात बघा. नारायण वामन टिळक. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. चित्पावन ब्राह्मण, कवी माणूस. आगगाडीनं राजनांदगावला निघालेले. डब्यात एक युरोपियन भेटला, गप्पा रंगल्या. त्यानं नवा करार हातात ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्यच वाटलं. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, तो पाळला. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि तिथं गुंतले. डोंगरावरचं प्रवचन! अध्याय पाच, सहा, सात. तीन अध्याय, सगळी मिळून 111 वचनं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता लक्ष्मीबाई, टिळकांची बायको. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून या बाईनं धर्म बदलला नाही. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं नवऱ्याकडं आल्या त्याही सोवळं सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग विचार करता करता त्यांच्या मनानं घेतलं, की जात देवानं केलेली नाही, माणसानं केलीय. ठरवलं, आता कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. एकाच घरात नवऱ्याचं कारण पुस्तकातलं, बायकोचं पाण्याच्या घागरीतलं. उसनं कुणीच घेतलं नाही. पुन्हा सांगतो, उसनं कुणीच घेतलं नाही.

टिळकांची पदं ‘उपासना संगीत’ या चर्चच्या गीतपुस्तकात आहेत, आपण गातोच. ती पेटी-तबल्यावरच गावीत हो. कीबोर्डच्या तयार ठेक्यात शब्द बुडतात आणि भजनाचा ऑर्केस्ट्रा होतो. असो.

तर आपली साक्ष, म्हणजे विश्वास का ठेवता याचं स्वतःचं उत्तर, कागदावर उतरवा. तीन मिनिटांची, म्हणजे तीनशे-साडेतीनशे शब्द. त्यात एक गोष्ट अशी हवी, जी ऐकणाऱ्याला स्वतः तपासता येईल. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15, वचनं 3 ते 8 काढा. क्रूसावरच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेलं हे पत्र. उठलेला ख्रिस्त कुणाकुणाला दिसला त्याची यादीच पत्र लिहिणारा पौल देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी तो स्वतः. वर म्हणतो, त्या पाचशेतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा! बनवून सांगणारा माणूस असे साक्षीदार पुढं करत नाही, असं माझं मत. दुसरी गोष्ट तुमच्या वागण्यातली: काय सुटलं, कुणाशी बोलणं सुरू झालं. घरच्यांनाही दिसलेलं तेवढंच लिहा.

बिघडतं कुठं? ‘प्रार्थना केली आणि ताप उतरला’ एवढ्यावरच साक्ष उभी केली, की शेजारी म्हणणार, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललो आणि आमच्या पोराचाही उतरला. तिथंच बोलणं खुंटतं. शिवाय पुढचा ताप उतरला नाही, तर तुमचाच विश्वास डळमळतो. दुसरं, पूर्वीचं पाप फुगवून सांगू नका. गाव तुम्हाला लहानपणापासून ओळखतं. शेजाऱ्याच्या देवाला नावं तर ठेवूच नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात, 3:15 ला, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, पण सौम्यपणे आणि आदरानं. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ, दुसरा कुणाला आठवत नाही.

आणि तारण, अभिषेक असले चर्चमधले शब्द आले तिथं थांबून सोपं करून सांगा. शेजारी कन्नड असेल, तर तीच तीन मिनिटं कन्नडमधून घरात एकदा म्हणून बघा. अडखळलात, तर ते वाक्य मराठीतही नीट झालेलं नसतं. तेवढं पुन्हा लिहा.