आधी खोली, मग देखावा

नमस्कार श्रोतेहो.

श्रावण तोंडावर आला की आपल्या कोल्हापुरात घरोघरी एकच विषय निघतो. गाडी काढायची आणि कुठंतरी डोंगरात एक रात्र राहून यायचं. गाडी असते, डबा असतो, हौस तर असतेच. अडतं ते खोलीपाशी. खोली स्वच्छ हवी, खिशाला परवडायला हवी आणि सकाळी दार उघडलं की समोर डोंगर हवा. आज तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगते आणि मधेमधे पुन्हा सांगेन, कारण कानानं ऐकलेलं लवकर निसटतं. आधी खोली, मग देखावा. दिवस मावळायच्या आत, शक्य तर चारच्या आत खोली ठरवायची, पिशव्या टाकायच्या आणि मग धबधबा बघायला जायचं. आपण नेमकं उलटं करतो. मीही केलं होतं. त्या दिवशी जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला हा विषय पुढं नेता येणार नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. ऑगस्ट महिना, जोडून आलेली सुट्टी. आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, सासूबाई आणि आठ वर्षांची लेक, कुणकेश्वराला जाऊन परत निघालो होतो. तळेरे, वैभववाडी, मग करूळ घाट चढून गगनबावडा. तिथं एक रात्र राहायचं आणि सकाळी निवांत कोल्हापूर गाठायचं, असा बेत. खोली फोनवरून सांगून ठेवली होती. पैसे मात्र पाठवले नव्हते, "येतोय, ठेवा" एवढ्यावरच काम भागवलं होतं.

करूळ घाट पावसाळ्यात ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दर वळणाला पाणी कोसळत असतं. आम्ही पहिल्या धबधब्याला थांबलो, दुसऱ्याला थांबलो. तिसऱ्याजवळ भाजलेली कणसं मिळाली, तिथं अर्धा तास गेला. वर बावड्यात पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते आणि धुकं इतकं उतरलं होतं, की गाडीच्या पुढचं टोक दिसत नव्हतं. चौकात बातमी कळली, मांडुकलीला कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलंय, कोल्हापूरचा रस्ता बंद.

गगनबावडा म्हणजे आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस झेलणारा तालुका. मांडुकलीला पाणी आलं की कोल्हापूरकडं जाणारी माणसं वर अडकतात, आणि करूळ व भुईबावडा हे दोन्ही घाट तिथंच वर येतात. म्हणजे दोन घाटांची माणसं एका गावात. आमची खोली केव्हाच दुसऱ्याला दिली होती. मालक म्हणाले, "बाई, सातपर्यंत वाट बघितली. तान्हं पोर घेऊन माणसं दारात उभी होती." त्यांना काय बोलणार? मी असते तर मीही दिली असती. पलीकडच्या ठिकाणी चौघांचे साडेतीन हजार सांगितले, त्या काळातले साडेतीन हजार. आत डोकावले तर गादी ओली लागत होती आणि भिंतीवर पोपडे सुटले होते. तिसऱ्या जागी मोटारी ठेवायलासुद्धा जागा नव्हती.

लेक पेंगायला लागली. सासूबाई काही बोलत नव्हत्या, आणि त्या गप्प बसल्या की मला जास्त भीती वाटते. मी एसटी स्टँडाच्या बाजूला चहाच्या टपरीवर गेले. तिथं खाकी शर्टातला एक कंडक्टर बशीत चहा ओतून पीत होता. दुपारी पाणी चढायच्या आधीच त्यांची गाडी कोल्हापूरहून वर आलेली. मी विचारलं, "दादा, कुठं राहायची सोय होईल का?" त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग गाडीतल्या सासूबाईंकडं, आणि म्हणाले, "ताई, हितं शोधत बसू नका. आमची मुक्कामाची गाडी खाली वाडीत जातीय. आमच्या मागनं या. माणशी शंभर रुपये, जेवण धरून. पोरीचं काय घेणार नाहीत."

श्रोतेहो, माणशी शंभर, जेवण धरून. एका वाक्यात त्यांनी सगळं ठरवून टाकलं.

मग ती तीन-चार किलोमीटरची वाट. पुढं लाल एसटी आणि मागं आम्ही. रस्ता असा दिसतच नव्हता. दिसत होते फक्त एसटीच्या मागचे दोन लाल दिवे. ते वळले की आम्ही वळायचं, ते थांबले की थांबायचं. ह्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. लेक जागी झाली आणि दिवे मोजायला लागली, "दोन आहेत, दोन आहेत, अजून दोन आहेत." एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी थांबवून खिडकीतून हात बाहेर काढला आणि आम्ही दिसेपर्यंत गाडी हलवली नाही. तो भिजणारा हात मला अजून डोळ्यांसमोर आहे.

वाडीत एक कौलारू घर. सोप्यात कंदील, कारण लाईट दुपारपासूनच गेलेली. दारात साठीच्या मावशी उभ्या. कंडक्टर म्हणाले, "मावशी, चार पाहुणं आणल्यात." त्यांनी काही विचारलं नाही. "या की. पाय धुवा, मी चूल पेटवतो." आपल्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी करतो, मी जातो. बाहेरून आलेल्यांना नवल वाटतं. मला त्या "मी पेटवतो"मध्ये आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

न्हाणीत तांब्याचा बंब होता. पावसानं जळण ओलं झालेलं, म्हणून मावशींनी चुलीमागं सुकत ठेवलेल्या शेणी आणून बंबात घातल्या. त्या कढत पाण्याच्या पहिल्या तांब्याची सर कुठल्याच गिझरला येणार नाही. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा. ड्रायव्हर, कंडक्टर आणि आम्ही एकाच पंक्तीला बसलो. सासूबाई जेवून उठल्या आणि न सांगता परातीपाशी जाऊन बसल्या. मावशी भाकरी थापत होत्या, सासूबाई भाजत होत्या. दोघींच्या माहेरची गावं एकाच नदीकाठची निघाली. मग काय, रात्री अकरापर्यंत दोघींचं बोलणं संपेना.

झोपायला सोप्यातच घोंगडं आणि वर वाकळी. जुन्या लुगड्यांच्या, टाका टाका घातलेल्या. वर कौलावर पाऊस. लेक म्हणाली, "आई, पाऊस आपल्यावर पडतोय आणि आपण भिजत नाही."

सकाळी मी परड्यात गेले. धुकं अजून होतं. मावशी शेणाची पाटी घेऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांबा जरा, आता फाटतंय." आणि खरंच फाटलं. परड्याच्या पुढं जमीनच नव्हती. खाली सगळं कोकण, हिरवंगार, आणि डाव्या हाताच्या कड्यावरून एकामागं एक सात पांढऱ्या धारा उतरत होत्या. मी मोजल्या. दोन-तीन मिनिटांत धुकं परत मिटलं. मावशी म्हणाल्या, "रोज दिसतंय हे. आता म्हशीचं बघतो," आणि गेल्या.

श्रोतेहो, तेव्हापासून कुठंही गेले तरी मी एकच प्रश्न विचारते: इथं कामासाठी कोण मुक्काम करतं? जिथं एसटी रात्री मुक्कामाला असते, तिथं ड्रायव्हर-कंडक्टर जेवतात, झोपतात. औषध कंपनीची माणसं फिरतात, ती कुठंतरी उतरतात. बदली होऊन आलेले गुरुजी कुणाच्या तरी घरी खोली घेऊन राहतात. ही माणसं महाग ठिकाणी राहूच शकत नाहीत, आणि घाणेरड्या ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाहीत. म्हणून त्यांना विचारायचं. फोनवर खोलीचे फोटो दिसतात, पण ओल दिसत नाही. कंडक्टरला ओल माहीत असते.

आणि मुक्कामाच्या एसटीबद्दल एक सांगू दे. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे ते नगर धावली, ते आपण दरवर्षी आठवतो. पण रात्री वाडीत जाऊन झोपणारी आणि पहाटे दूध, शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका घेऊन निघणारी गाडी, तिचं मोल मला त्याहून मोठं वाटतं. ती आली की त्या वाडीत रात्री बाहेरचं माणूस येतं, आणि बाहेरचं माणूस येतं म्हणून घरात एक जादा वाकळ शिवून ठेवलेली असते.

परगावच्या माणसाला पाठ टेकायला जागा द्यायची, हे तर आपल्या कोल्हापूरच्या रक्तात आहे. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात रात्रीचा निवारा मिळाला, म्हणून ते शिकलं. माझे वडील त्यातलेच एक. असो, विषय खोलीचा.

दुसरी गोष्ट, देखाव्याच्या एक गाव अलीकडं राहायचं. पुन्हा सांगते, एक गाव अलीकडं. आंबोलीला सुट्टीत खोल्यांचे भाव वाढलेले असतात, तर आजऱ्यात राहा. तासाभरात आंबोली गाठता येते, आणि रात्री जेवणात आजऱ्याचा घनसाळ भात मिळाला तर तो वास घरापर्यंत सोबत येतो. रांगण्याला किंवा पाटगावला, ते मधाचं गाव, तिथं जायचं असेल तर गारगोटीत राहा, नाहीतर आदमापूरला बाळूमामांच्या भक्तनिवासात चौकशी करा. राधानगरीचं अभयारण्य 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून तिथं वर्दळ वाढलीय. पण राधानगरी गावात साधी, नीट खोली अजून मिळते. पावसाळ्यात दाजीपूरचं जंगल बंद असतं, एवढं विचारून मगच निघा. पन्हाळा तर घरापासून 20 किलोमीटर. 2025 साली तोही जागतिक वारशात गेला आणि शनिवार-रविवारी वर गाडी ठेवायला जागा नसते. पन्हाळ्याला रात्र काढायची तर मंगळवार-बुधवार बघा. वाऱ्यात, धुक्यात, मोकळ्या तटावर तीन दरवाजापर्यंत एकटं चालत जायला मिळेल.

फोन करताना "खोली किती?" एवढंच विचारू नका. "माणशी किती, जेवण धरून किती?" असं विचारा. घरगुती ठिकाणी हिशेब माणशी असतो, आणि रात्रीच ठरलं की सकाळी कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. संडास आत आहे की बाहेर, गाडी चिखलात रुतणार नाही ना, गरम पाणी किती वाजता, हेही विचारून घ्या. थोडे पैसे आधी पाठवा. आम्ही पाठवले असते तर खोली राहिली असती. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ ठेवा. सुके कपडे वेगळ्या पिशवीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आणि कृपा करून डोंगरातल्या घरी जाऊन तांबडा-पांढरा मागू नका. पांढऱ्या रश्श्याला ताज्या नारळाचं दूध लागतं, तीळ-खसखस निवांत वाटावी लागते, मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नीट उतरावी लागते. तो आपल्या घरी रविवारी करावा. ज्या घरात नाचणी पिकते तिथं नाचणीची भाकरी मागा. ती ताजी असते, स्वस्त असते आणि करणारीच्या हातात बसलेली असते. रात्री मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांबद्दलही मला राग आहे. तिथल्या माणसाला पहाटे चारला उठून धार काढायची असते.

मावशींकडं आम्ही अजून जातो. परड्याच्या कडेला त्यांनी दोन खोल्या बांधल्यात, फरशी घातलीय, संडास आत आहे. बंब मात्र तोच. मधे या भाषणाचं ठरलं तेव्हा मी त्यांना फोन केला, "मावशी, तुमचा नंबर सांगू का रेडिओवर?" पलीकडं थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज आला. मग म्हणाल्या, "नको गं बाई. एकदम धा गाड्या आल्या तर मी भाकरी कुणाकुणाला थापू? कंडक्टरला इचारून या म्हणावं."

नमस्कार.