विहिरीवरचं इंजिन, समुद्रातलं इंजिन

[तापीकाठचं शेत, पहाट. विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू होतं.]

हे अमळनेर तालुक्यातलं आमचं शेत. शेतीची वीज रात्रीची, तीही भरवशाची नाही, म्हणून काकांनी हे आठ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन अजून विकलेलं नाही. मी मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. सुट्टीवर आलो की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुनं जहाज कितलं तेल खास रे भाऊ?"

पूर्ण वेगात दिवसाला तीस टन. आकडा ऐकून ते दरवेळी गप्प होतात.

[इंजिनाच्या धुराड्यातून काळा धूर.]

हा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल. पैसे मोजून आणलं, आणि पाणी न उपसताच हवेत गेलं. समुद्रातलं तीन-चार मजली इंजिन घ्या नाहीतर हे, दोघांची मागणी एकच. तेल बारीक फवारलं जावं आणि त्याला पोटभर हवा मिळावी.

[तालुक्याच्या गावातलं गॅरेज. तपासणीच्या हातपंपावर नोझल, म्हणजे इंजिनात तेल फवारणारी तोटी.]

मेकॅनिकदादा दांडा दाबतात, दाबाचा काटा २०० बारकडे सरकतो. चांगलं नोझल चर्र आवाज करतं, धुक्यासारखं फवारतं आणि टोक कोरडं ठेवतं. आमच्या नोझलच्या टोकाला मात्र थेंब लोंबतोय. तो उशिरा जळतो, पुरता जळत नाही, काजळी धरतो. जहाजावर हीच तपासणी मी ३५० बारच्या आसपास करतो. फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. तेल कातडी भेदून आत शिरतं आणि बोट कापायची वेळ येते.

[मोबाईलवर टिपलेली इंजिन रूम.]

जहाजाचं जड तेल थंड असताना डांबरासारखं घट्ट असतं. आधी तापवून प्युरिफायरमधून पाणी आणि गाळ काढायचा, मग पुन्हा १३०-१४० अंशांपर्यंत तापवून इंजिनाला द्यायचं. ताप कमी पडला की फवाऱ्याचे थेंब मोठे होतात, आणि गाडी पुन्हा तिथंच येते. म्हणून दर पाळीत प्रत्येक सिलिंडरच्या धुराचं तापमान आम्ही वहीत लिहितो. एकाचाच आकडा वर चढला, तर पहिला संशय नोझलवर, नाहीतर धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वाल्ववर. सगळेच चढले तर इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर किंवा ती हवा थंड करणारा एअर कूलर घाण झालाय. हवाच कमी पडतेय.

तरी सगळ्यात मोठी बचत वेगात आहे. वेग १० टक्के उतरवला की लागणारी ताकद साधारण २७ टक्क्यांनी उतरते, दिवसाचे तीस टन बावीसवर येतात! प्रवास लांबतो, तो धरूनही तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के तेल वाचतं. पण फार दिवस फार हळू चालवलं तर टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, काजळी साचते. म्हणून अधूनमधून भार वाढवून इंजिन मोकळं करावं लागतं. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले, तर ही कमाईही त्यांच्याच घशात जाते.

[पुन्हा विहीर. नवं नोझल बसलंय. काका हँडल मारतात.]

दोन-चार झटके, आणि इंजिन धरतं. आवाज भरीव झालाय. थोडं तापल्यावर काका डोक्याचा पांढरा रुमाल धुराड्यासमोर धरतात, उलटून बघतात, आणि खांद्यावर टाकून पाण्यामागे वाफ्याकडे निघतात.