कागद चिकटला का?

[घाटाचा लाँग शॉट. चढाच्या कडेला उभा ट्रेलर]

बीड सोडलं, पाली मागं पडली की रस्ता बालाघाटाच्या डोंगरात शिरतो आणि मांजरसुंब्याचा घाट लागतो. धुळे-सोलापूर हायवे, जुन्या लोकांच्या तोंडात अजून २११, पाटीवर ५२. मे महिना, दुपारचे दोन. उतरणीच्या गाड्या झुम्म करून खाली चालल्यात आणि चढाला, कडेला, चाकांना दगडं लावून ही उभीय. पुढं घोडा, म्हणजे ओढणारी गाडी, मागं लो-बेड, म्हणजे बुटका लांब ट्रेलर, लो-बेडवर साखळ्यांनी आवळलेली २० टनी पोकलेन. पाऊस पडायच्या आत तलावातला गाळ काढायला धाराशिवकडं निघालेली. केबिन पुढं पाडलीय आणि आतून पाणी उकळल्याचा आवाज येतोय, नीट ऐका, गुडगुड गुडगुड.

ड्रायव्हर मामा सावलीला बसलेत. सावली म्हणजे पोकलेनच्या बकेटची.

"सपाटीला काई नाई हो, रिकामी तर वाऱ्यासारखी पळती. लोड टाकला आन् घाट लागला की गाडी ओढंनाच. मंग टेंपरेचरचा काटा वर चाललाच, चाललाच."

मागच्या दीड महिन्यात या गाडीचं काय काय झालंय ऐका, एका मोठ्या गॅरेजला वॉटर पंप बदलला, डिझेल फिल्टर दोनदा, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडं सोडणारी झडप, ती तर "कशाला पाहिजे आपल्या गरम मुलखात" म्हणून काढूनच टाकली, आणि आता टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदला म्हणून सांगितलंय. गाडी आहे तशीच.

[मांजरसुंबा. पत्र्याचं शेड, लिंबाचं झाड]

गाडी थंड करून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी वर आणली. सकाळी वस्ताद, म्हणजे इथले मेस्त्री, आले. आले ते पान्ह्याला हात न लावता मामांच्या शेजारी टायरवर बसले, चहा सांगितला. आम्ही कॅमेरा लावून तयार आणि हे दोघं अर्धा तास नुसतं बोलतायत. मला तेव्हा वाटलं फुटेज वाया चाललंय. एडिटला बसल्यावर कळलं, सगळी तपासणी तिथंच झाली होती.

"मामा, आधी काय झालं? आधी पिकअप गेला का आधी काटा चढला?"

"आधी पिकअप. मंग धूर, काळा, लई नाई पण व्हता. मंग काटा. मंग लाल दिवा लागला आन् मंग तर गाडी मेलीच."

वस्तादांनी इथं बोटांवर मोजलं. एक कमजोरी काटा चढायच्या आधीची, दुसरी दिवा लागल्यानंतरची. ही गाडी २०१८ ची, बीएस-४, इंजिनला कॉम्प्युटर आहे. पाणी हद्दीबाहेर तापलं की कॉम्प्युटर स्वतःच डिझेल कमी करतो, इंजिन जळू नये म्हणून. म्हणजे दुसरी कमजोरी हा आजारच नाही, गाडी जीव वाचवायलीय. शोधायचीय ती पहिली. नुसता डिझेल फिल्टर चोक असता तर गाडी कमजोर झाली असती, पण कमी डिझेल जळलं तर उलट कमीच तापते, आणि काळा धूर तर नाहीच. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडतीय.

आता बघा हा माणूस कुठून सुरुवात करतो. इंजिनपासून नाही, मागून. लो-बेडच्या चाकांच्या एकेका ब्रेक ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडत चाललेत, कारण ब्रेक चिकटलेला असला तर गाडी ब्रेक दाबूनच घाट चढती, ओढत पण नाही आणि तापते पण. गाडी नुकतीच एक चक्कर मारून आणलीय. पाणी पडतंय, वाळतंय, पडतंय, वाळतंय, आणि उजवीकडच्या शेवटच्या ड्रमवर... चर्र. त्या ब्रेकचा स्लॅक, म्हणजे ब्रेकचा ताण ठरवणारा दांडा, ढिला केला. "हे एक हाय, पण एवढ्यानं काटा नाई चढत" म्हणून पुढं गेले.

मग एक्झॉस्ट ब्रेक, उतारावर धूर अडवून गाडी आवरणारा. सायलेन्सरच्या पाइपातली पाकळी अर्धवट अडकली तर धूर आतच कोंडतो. पाकळी मोकळी होती. एअर फिल्टर काढला, हा ठीक. टर्बोच्या होजला साबणाचं पाणी लावून रेस दिली, बुडबुडा नाही.

रेडिएटरची कॅप शेवटी, पूर्ण थंड झाल्यावर, वर ओला बारदाना टाकून. कॅपमुळं आत एक बारच्या आसपास दाब राहतो आणि त्या दाबाला पाणी १०० ला नाही तर १२० डिग्रीच्या जवळ उकळतं, म्हणून तर कॅप ढिली असली की गाडी लवकर उकळते. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीची कॅप उघडायची नसते. वस्तादांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत कातडी आहे, शॉटमध्ये दिसतीय. आम्ही विचारलं नाही.

आत कूलंट नव्हताच, पाणी होतं. बोरचं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं बोरचं पाणी किती क्षाराचं असतं हे टपरीवरच्या किटलीत डोकावलं की कळतं, तोच पांढरा थर नळ्यांमध्ये बसतो. इंजिन परत तापवून वस्तादांनी तापमानाची गन काढली, कोरोनात कपाळाला लावायचे तसली पण गाडीची, आणि रेडिएटरवरून फिरवली. नळ्या आतून बुजलेल्या असत्या तर मध्येच थंड पट्टा सापडला असता. नाही सापडला. थर आहे पण पाणी फिरतंय.

[क्लोजअप. वर्तमानपत्राचं पान]

आणि आता हे. वस्तादांनी हाताखालच्या पोराला सांगितलं, पेपर आण. कालच्या पेपरचं एक पान, क्रिकेटचं. इंजिन चालू, चांगलं तापलेलं, फॅनचा आवाज बघा कसा घोंगावतोय, म्हणजे फॅन जोरात आहे. पान समोरच्या जाळीला लावलं. फॅन हवा आत ओढतो, मग कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे.

वरच्या कोपऱ्यात चिकटला. मध्ये लावला, पडला. खाली लावला, पडला. परत लावला. पडला.

पण समोरून तर जाळी साफ! त्याच्यामागं इंटरकूलर, तोही साफ, मामा दर आठवड्याला धुतात. गोम अशी की इंटरकूलरच्या मागं रेडिएटर असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट. समोरून कितीही धुवा, कचरा त्या फटीत जाऊन बसतो. वस्तादांनी बाजूचा पत्रा खोलला, बॅटरी मारली आणि काही बोललेच नाहीत, पोराला नुसतं "बघ" म्हणाले.

चार बोल्ट काढून इंटरकूलर पुढं झुकवला. आणि हे बाहेर आलं.

[इथं आवाज नको. १० सेकंद]

वाकळच म्हणा. हातात धरून उचलता येतीय. कापसाची बोंडं फुटतात तेव्हाचे तंतू, उसाच्या पाचटाचे तुकडे, तलावाच्या गाळाची धूळ, पाकोळ्या, आणि सगळं इंजिनाच्या तेलकट वाफेनं थापून घट्ट झालेलं. मराठवाड्याचे सगळे हंगाम एका घोंगडीत, असं मी लिहिलं होतं आणि खोडलं होतं, पण चित्र बघून परत ठेवलं.

आता दोन्ही दुखणी एकाच जागी येतात. टर्बोतून निघालेली हवा लोडवर दीडशे डिग्रीच्या घरात जाते, ती इंटरकूलरनं गार करायची, गार हवा दाट, दाट हवेत ऑक्सिजन जास्त. इथं वाराच पार होत नव्हता, म्हणून हवा गरम आणि पातळ, म्हणून पिकअप नाही आणि काळा धूर. पिकअप नाही म्हणून मामा ॲक्सिलेटर दाबून वरच्याच गिअरमध्ये रेटायचे, आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, पडले की पंप आणि फॅन दोन्ही मंद, आणि मागच्या रेडिएटरला तर आधीच वारा नाही. सपाटीला समोरून मिळणाऱ्या वाऱ्यावर निभायचं, घाटात १५ च्या स्पीडला कुठला वारा.

धुणं इंजिनच्या बाजूनं, आतून बाहेर, हलक्या प्रेशरनं, नाहीतर जाळीच्या पातळ पत्र्या झोपतात. नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी वस्तादांनी चहाच्या पातेल्यात टाकला, शेजारी थर्मामीटर. ८० पर्यंत गप्प. ८२, ८३... उघडला बघा, मासोळीनं तोंड उघडावं तसा. हा नसला तर पाणी बायपासनं मधल्यामधी फिरतं, रेडिएटरपर्यंत पुरतं जातच नाही, मुलूख गरम असो का थंड. पाणी काढून कूलंट भरला.

पोकलेन दोन दिवस उशिरा पोचली, भाड्यातून तेवढे कापले. टर्बो जुनाच आहे.

[परत कागद]

इंजिन चालू. तेच पान. वर चिकटलं. मध्ये चिकटलं. खाली लावलं, पोरानं हात काढला, चिकटलं. मामांनी स्वतः पुढं होऊन ओढून काढलं, परत सोडलं, परत चिकटलं, चारपाच वेळा तेच करत राहिले.

मग घडी घातली आणि केबिनमध्ये चढून डॅशबोर्डवर, देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली.

"पेपर माझा हाय, मामा," वस्ताद खालून म्हणाले. "अजून वाचला नाई मी."