दिवाणजी टीममध्ये बसतात

(दृश्य : तासगाव–कवठेमहांकाळ पट्टा, बेदाणा शेडवरून ड्रोन)

खाली दिसणारी ही लांबलचक शेड बेदाण्याची आहेत. द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरलेत. साधारण ४ किलो द्राक्षं वाळली की १ किलो बेदाणा हाती येतो. मग निवडणी, प्रतवारी, १५ किलोची पेटी, आणि पेटी कोल्ड स्टोअरेजला. भाव येईल तेव्हा सौद्याला, म्हणजे लिलावाला, काढायची. कधी दिवाळीला, कधी त्याच्याही पुढं.

सांगलीत एक सॉफ्टवेअर टीम उभी राहिली, तिची ही गोष्ट. पण ज्या मालासाठी ती उभी राहिली तो माल आधी बघून घ्या.

(दृश्य : कोल्ड स्टोअरेज, चेंबरचं दार उघडतं)

भर उन्हाळ्यात इथं तोंडातून वाफ येते. थप्प्या छतापर्यंत गेल्यात. एकाच शेतकऱ्याचा माल तीन ठिकाणी आहे, कारण तो तीन खेपांना आला. पांढऱ्या टोपीतले हे इथले दिवाणजी. हातात वही आहे, पण ती उघडायची वेळ फारशी येत नाही. हमालानं लॉट नंबर विचारला, त्यावर त्यांचं उत्तर ऐका : “तीन नंबरला जा. डाव्या हाताची चौथी थप्पी, खालनं दोन सोडून.”

हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे. मालकांना ते फोनवर हवं होतं : आवक, जावक, भाडं, गेटपास. शेतकऱ्याला आपल्या पेट्या किती शिल्लक आहेत ते घरबसल्या दिसायला हवं होतं.

(दृश्य : विश्रामबाग, वालचंद कॉलेजचं फाटक, मग रस्त्यावरचं छोटं ऑफिस)

१९४७ साली सुरू झालेलं हे अभियांत्रिकी महाविद्यालय. इथून शिकून बाहेर पडलेल्या किती मुलामुलींनी पुण्याची गाडी धरली, ते विश्रामबागेतल्या कुठल्याही घरात विचारा. त्यांतलीच एक हिंजवडीत बरीच वर्षं काम करून परत आली. तिनं हे काम घेतलं, आणि कोडची एकही ओळ लिहायच्या आधी फळा पुढ्यात ओढला.

(दृश्य : पांढरा फळा, त्यावर ठिपके आणि रेघा)

हा एक ठिपका म्हणजे एक माणूस. प्रत्येकाचं प्रत्येकाशी बोलणं व्हायला हवं, म्हणून प्रत्येक जोडीत एक रेघ. ५ माणसांत १० रेघा. ८ माणसांत २८. १५ माणसं घेतली तर १०५. फ्रेड ब्रुक्स या संगणकतज्ज्ञानं १९७५ मध्ये हा हिशेब मांडला आणि बजावलं की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, वापरणाऱ्याला दाखवत पुढं न्यायची रीत; स्क्रम ही तिची सगळ्यात रुळलेली पद्धत. तिच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही टीम साधारण १० किंवा त्याहून कमी जणांची असावी असं म्हटलंय. इथं ७ जण ठरले. फळ्यावर २१ रेघा आहेत.

सात कोण, हे ठरायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तो जायलाच हवा होता.

पहिलं नाव दिवाणजींचं. स्क्रममध्ये प्रॉडक्ट ओनर असतो : काय आधी करायचं, काय नंतर, हे ठरवणारा एकच माणूस, समिती नाही. मालक म्हणाले, तो मीच. पण ते आठवड्यातून एकदा ऑफिसला येऊ शकणार होते. प्रश्न तर रोज पडणार. शेवटी मालकांनी लिहून दिलं, दिवाणजी हो म्हणतील ते माझं हो. पगार पूर्ण चालू ठेवून रोजची दुपार त्यांना इथं मोकळी करून दिली. हा कागद भिंतीवर लावलाय, तो नीट दाखवतो आहोत. माणूस द्यायचा आणि अधिकार द्यायचा नाही, तिथं प्रॉडक्ट ओनर नुसता निरोप्या होतो.

(दृश्य : बर्फाचे डोंगर, संग्रहातली छायाचित्रं)

फेब्रुवारी २००१. अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड इथं १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यासोबतच्या १२ तत्त्वांत एक असं आहे : व्यवहार सांभाळणारी माणसं आणि सॉफ्टवेअर करणारी माणसं, यांनी प्रकल्प चालू आहे तोवर रोज एकत्र काम करावं. रोज. मोठमोठ्या शहरांत हे जमवणं कठीण जातं, कारण माल एका शहरात आणि कोड दुसऱ्या. सांगलीत कोल्ड स्टोअरेज आणि ऑफिस यांच्यात दुचाकीचं अंतर आहे. आमच्या मते या गावाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच.

(दृश्य : उसने स्वेटर घातलेले तरुण, चेंबरमध्ये)

ही निवड चाललीय. उमेदवारांना आधी एक सकाळ इथं उभं केलं, मग कागद देऊन सांगितलं, जे बघितलंत त्यावर तुमचे प्रश्न लिहा. मार्कशीट नंतर. या मुलानं लिहिलं, “पेटी आत येताना वजन करता, बाहेर काढताना का करत नाही?” तो सर्व्हरच्या कामाला घेतला. जतकडून आलेली ही मुलगी वही चाळत होती. तिला एकाच गावात, एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन शेतकरी सापडले. दिवाणजींनी एका नावापुढं मळ्याचं नाव लिहिलं होतं, दुसऱ्यापुढं ओढ्याचं. “कॉम्प्युटरला मळा कळंल का?” असं तिनंच विचारलं. ती टीमची टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारी आहे, पहिल्या दिवसापासून. शेवटच्या आठवड्यात बोलावलेला टेस्टर चुका मोजतो; सुरुवातीपासून बसलेली टेस्टर त्या होऊच देत नाही.

मुलाखती मराठीत झाल्या. भिंतीवर लावलेल्या कामांच्या चिठ्ठ्याही मराठीत आहेत, वाचा : “शेतकरी म्हणून मला माझ्या शिल्लक पेट्या लॉटनुसार दिसायला हव्यात, म्हणजे सौद्याला किती काढायच्या ते ठरवता येईल.” असं वाक्य दिवाणजी स्वतः वाचतात, खोडतात, पुन्हा लिहितात. इंग्रजी असतं तर त्यांनी फक्त मान हलवली असती.

(दृश्य : किर्लोस्करवाडी स्टेशन, रेल्वे येते)

थोडं वळण घेऊन इथं थांबू. पलूस तालुक्यातलं हे गाव. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानानं दिलेल्या माळरानावर, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना हलवला आणि लोखंडी नांगर घडवायला घेतले. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं तिथं शिकली, घडली, फोरमन झाली. लोखंड ओतायला या जिल्ह्यातली माणसं शिकू शकली; मग सॉफ्टवेअरसाठी चांगली टीम फक्त महानगरातच होते, हे कुणी का मानावं?

(दृश्य : ऑफिस, सकाळ, सगळे उभे)

रोज १५ मिनिटं, उभ्यानं. काल काय झालं, आज काय करणार, काय अडलंय. ज्या कामाला टीममधलं कुणीच पुरं पडत नाही, ते इथं लगेच उघडं पडतं. म्हणून सातांत सगळे हात आहेत : सर्व्हरवाले दोघे, मोबाइलवाला एक, फोनच्या पडद्याची मांडणी करणारी एक, टेस्टर, दिवाणजी, आणि सगळ्यांच्या वाटेतले अडथळे काढणारी, हिंजवडीहून परत आलेली ती, स्क्रम मास्टर. कुणी कुणाचा साहेब नाही. काम वाटून दिलं जात नाही, ज्याचं तो भिंतीवरून उचलतो.

(दृश्य : टेबलाभोवती वाद, आवाज चढलेले)

ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये सांगितलं की नवा गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याची घडी बसते, आणि त्यानंतर काम वेग घेतं. हे भांडण रेंजवरून आहे. सर्व्हरवाले म्हणतात, माहिती थेट नेटवर जाऊ द्या. मोबाइलवाला म्हणतो, फोनमध्येच साठवा, नंतर पाठवू. दोघांचंही खरं, आणि कुणीच मागं हटेना.

दिवाणजी उठले. सगळ्यांना दुचाक्यांवर घालून चेंबरला घेऊन गेले. हे बघा, दार बंद झालं. जाड भिंतींच्या आत फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करत गेल्या. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी चिठ्ठी बदलली : नोंद नेटशिवाय व्हायला हवी.

(दृश्य : फोनवर आवक पावती, शेतकऱ्याच्या हातात)

दोन आठवड्यांच्या पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पहिल्या टप्प्यात, एवढंच झालं, आवक पावती. पुढं जावक, भाडं, गेटपास. मधे एकजण पुण्याला गेला, त्याच्या जागी दुसरा आला. हंगामात ॲप चालू झालं, पण वही अजून बंद झालेली नाही.

आता अडत दुकानाच्या पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचं, काम आलंय. ही टीम वाढवायची नाही, दुसरी बांधायची, असं ठरलंय. तिचा प्रॉडक्ट ओनर म्हणून मार्केट यार्डातला, पट्टी हातानं लिहिणारा माणूस शोधणं चालू आहे. प्रोग्रॅमरची जाहिरात त्यानंतर निघेल.