साप म्हणून भुई धोपटणं?

विंडोजच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' असा एक भाग आहे. त्यात खाली खाली गेलं की 'डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक' नावाचं पान लागतं. तिथलं एक बटण चालू केलं, की आपला संगणक मायक्रोसॉफ्टला काय काय पाठवतो ते 'डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर' या ॲपमध्ये वाचता येतं. ही सोय २०१८पासून आहे.

पडद्यावर आत्ता तीच यादी सरकतेय. डावीकडे नोंदींची नावं, उजवीकडे महिरपी कंसांनी आणि अवतरणचिन्हांनी खच्चून भरलेला मजकूर. 'सेन्सस डॉट मेमरी' म्हणजे या यंत्रात रॅम किती. 'सेन्सस डॉट बॅटरी' म्हणजे बॅटरीची माहिती. अमुक अपडेट उतरलं, तमुक बसलं नाही, त्याचा एरर कोड हा. दहा मिनिटं वाचलं तर डुलकी लागेल. पत्रं नाहीत, फोटो नाहीत, पासवर्ड नाहीत.

मग संगणक चालवणारी सिस्टीमच आपल्यावर पाळत ठेवते, असं गेली तीस वर्षं लोक ओरडतायत ते कशाबद्दल?

हो, तीस वर्षं. १९९५मध्ये विंडोज ९५ आलं, तेव्हाच बोभाटा झाला की ही सिस्टीम आपली हार्ड डिस्क गुपचूप चाळते आणि कुठलं सॉफ्टवेअर आहे याची यादी कंपनीला कळवते. खरी गोष्ट अशी होती, की ऑनलाइन नोंदणी करताना ती यादी पाठवायची का, असं सिस्टीम विचारत होती. नाही म्हणण्याची मुभा होती. पुढे १९९९मध्ये एका संशोधकाला विंडोजच्या एनटी या आवृत्तीच्या आत 'एनएसए-की' असं नाव असलेली एक डिजिटल किल्ली सापडली. एनएसए म्हणजे अमेरिकेची हेरसंस्था. झालं! संगणकाला चोरदार आहे आणि ते हेरांसाठी ठेवलंय, ही बातमी जगभर गेली. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं, की अमेरिकेबाहेर एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक करून लपवणारं तंत्र, विकण्याचे नियम पाळले जातात का ते एनएसए तपासते, म्हणून ते नाव. चोरदाराचा पुरावा आजवर कुणी दिलेला नाही.

'राईचा पर्वत करतायत' म्हणणाऱ्यांना ही दोन्ही उदाहरणं तोंडपाठ असतात. आणि त्यांची बाजू लंगडी नाही. संगणक बंद पडल्यावर जो अहवाल कंपनीकडे जातो, त्याचाच हिशेब घ्या. २००२ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलं, की असे अहवाल जमा केल्यावर दिसलं ते हे: सगळ्या चुकांपैकी ८० टक्के चुकांच्या मुळाशी फक्त २० टक्के बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, आहेत, आणि निम्म्या चुका तर अवघ्या एक टक्का बगमुळे होतात. कुठे हात घालायचा हे एकदा कळलं, की दुरुस्ती सोपी होते. संगणक कोसळला की दिसणारा त्या काळातला निळा पडदा ज्यांनी भोगलाय, त्यांना या माहितीचं मोल वेगळं सांगायला नको.

इथेच थांबलो तर निकाल सरळ आहे. पण या अहवालांचं पुढे काय झालं तेही बघू.

डिसेंबर २०१३. 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाने एनएसएची अंतर्गत कागदपत्रं छापली. त्यातून कळलं, की इंटरनेटवरून वाहणाऱ्या माहितीतून विंडोजचे हे एरर रिपोर्ट एनएसए वेगळे काढत होती. एखाद्याच्या यंत्रात नेमकं काय मोडतंय हे कळलं, की आत कुठून शिरायचं तेही कळतं. आणि हे करणाऱ्यांना त्यातली गंमतही समजत होती. त्यांच्या एका स्लाइडवर एरर रिपोर्ट पाठवायला सांगणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या त्या ओळखीच्या खिडकीतला मजकूर बदलून टाकला होता: ही माहिती परदेशी गुप्तचर यंत्रणेच्या हाती लागू शकते, अशा अर्थाचा.

म्हणजे माहिती चांगल्या हेतूने गोळा झाली, कंपनीने तिचा गैरवापर केला नाही, आणि तरीही ती वाटेतच तिसऱ्याच्या कामी आली. 'मायक्रोसॉफ्टला माझ्या फायलींशी काय देणंघेणं' हा प्रश्न वाजवीच आहे. पण त्याने अर्धाच मुद्दा निकालात निघतो.

मग २०१५च्या जुलैमध्ये विंडोज १० आलं, आणि खरी बोंबाबोंब सुरू झाली. नव्या विंडोजने माहिती पाठवण्याच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. सगळ्यात खालची पायरीसुद्धा घरगुती वापरकर्त्याला पूर्ण बंद करता येत नव्हती. आजही येत नाही. वरच्या पायरीला, म्हणजे आता जिला 'ऑप्शनल' म्हणतात तिला हो म्हटलं, तर एज ब्राउझरमध्ये कुठल्या साइटी उघडल्या तेही जातं. शिवाय एखादं ॲप कोसळलं, तर त्या क्षणी मेमरीत जे होतं ते जाऊ शकतं. त्यात आपण उघडलेल्या फाइलचे तुकडेही अनवधानाने असू शकतात. हा कुणा संशयखोराचा तर्क नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या माहितीपत्रातच तसं लिहून ठेवलंय.

फ्रान्सच्या सीएनआयएल या माहिती-संरक्षण संस्थेने २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टला नोटीस काढली. जरुरीपेक्षा जास्त माहिती घेता, जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक न विचारता चालू ठेवता, असे आक्षेप होते. आणखी एक होता, तो मला सगळ्यात बोलका वाटतो: चार आकडी पिन कितीही वेळा चुकला तरी सिस्टीम पुन्हा विचारत राहते. वर्षभराने, जून २०१७मध्ये, संस्थेने प्रकरण मिटवलं. तोवर सगळ्यात खालच्या पायरीवर गोळा होणारी माहिती जवळजवळ निम्म्याने कमी झाली होती.

निम्म्याने! आणि विंडोज चालत राहिलं. तो निम्मा भाग आधी कशाला हवा होता, हे विचारायला हरकत नाही. सुरुवातीला जी कंटाळवाणी यादी पाहिली, तीही या आरडाओरड्यानंतरच लोकांसमोर आली.

आता मॅककडे वळू. मॅकवाले या वादात थोडे बाजूला बसून असतात, आपल्या अंगणात हे होत नाही अशा थाटात. १२ नोव्हेंबर २०२० रोजी ॲपलने 'बिग सर' ही नवी आवृत्ती सोडली, आणि जगभरचे मॅक एकाएकी रांगायला लागले. ज्यांनी नवी आवृत्ती घेतलीच नव्हती, त्यांचेसुद्धा. ॲपवर क्लिक करायचं आणि ताटकळत बसायचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की इंटरनेट तोडलं तर ॲप झटक्यात उघडतंय.

कारण असं होतं. ॲप उघडताना मॅक ॲपलच्या एका सर्व्हरला विचारतो, की हे ॲप बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र रद्द तर झालेलं नाही ना? इंटरनेट नसेल तर प्रश्न सोडून तो पुढे जातो. पण त्या दिवशी सर्व्हर मेला नव्हता, नुसता मंदावला होता. म्हणून मॅक उत्तराची वाट बघत बसला. मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, अडवण्यासाठी ही व्यवस्था चांगलीच आहे. पण कोट्यवधी लोकांना तिचा पत्ता लागला तो ती अडखळली तेव्हा.

त्यावर एका सुरक्षातज्ज्ञाचा लेख गाजला. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक ॲपचा ठसा, म्हणजे त्या ॲपची नेमकी ओळख, ॲपलकडे जातो, असं त्यात म्हटलं होतं. दोनच दिवसांत दुसऱ्याने तपासून दाखवलं, की ठसा ॲपचा जात नाही, ॲप बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक जातो. फरक मोठा आहे. पण एखाद्याने एकच ॲप बनवलेलं असेल, तर क्रमांकावरून ॲप कळतंच. आणि हा क्रमांक एन्क्रिप्शनशिवाय, उघड्यावर जात होता. वाटेत बसलेल्या कुणालाही तो वाचता आला असता. ॲपलने आयपी पत्ते, म्हणजे संगणकांचे इंटरनेटवरचे पत्ते, नोंदवणं थांबवलं, जुन्या नोंदी पुसू म्हणाले, आणि एन्क्रिप्टेड पद्धत आणण्याचं वचन दिलं.

म्हणजे ज्या लेखाने हे सगळं हलवलं, त्यातला मुख्य तपशील चुकीचा होता. लेखकाने आठवडाभर शांतपणे तपासून, मोजून मापून लिहिलं असतं, तर इतक्या लोकांनी वाचलं असतं का? मला शंका आहे. मला स्वतःला आक्रस्ताळं लिखाण आवडत नाही. पण या विषयात कंपन्या हलल्यात त्या बहुतेक वेळा आक्रस्ताळ्या लिखाणानेच, हे मान्य करावं लागतं.

लिनक्स ही खुली, फुकट मिळणारी सिस्टीमही यातून सुटली नाही. २०१२च्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराने संगणकावरच्या शोधपट्टीत ॲमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. स्वतःची फाइल शोधायला टाइप केलेली अक्षरंही बाहेर जाऊ लागली. फ्री सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, म्हटलं. २०१६च्या आवृत्तीत ते आपसूक चालू असणं बंद झालं.

आणि मग रीकॉल.

२० मे २०२४. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की नव्या 'कोपायलट प्लस' संगणकांवर विंडोज दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवेल. गेल्या आठवड्यात कुठेतरी पाहिलेला तो निळा कोट कुठे होता, असं विचारलं की सापडेल. फोटो संगणकातच राहतील, कंपनीकडे जाणार नाहीत. हे खरंही होतं.

पण संशोधकांनी चाचणी आवृत्ती उघडून पाहिली. पडद्यावरचा सगळा मजकूर वाचून काढून एका साध्या डेटाबेसमध्ये भरलेला होता. वापरकर्ता लॉगिन झालेला असताना त्या डेटाबेसला वेगळं कुलूप नव्हतं. संगणकात शिरलेलं कुठलंही चोरटं सॉफ्टवेअर ती एक फाइल उचलून नेऊ शकत होतं. पूर्वी चोराला पासवर्ड इथून, चॅट तिथून, बँकेचा पडदा आणखी कुठून गोळा करावा लागे. इथे सगळं तारीखवार लावून, शोधता येईल असं करून ठेवलेलं. आणि चोर बाहेरचाच असला पाहिजे असंही नाही. ज्या घरात एकाला दुसऱ्याचा पिन माहीत आहे, आणि दुसरा पहिल्याला घाबरून असतो, त्या घरात अशी फाइल काय करू शकते याचा विचार कुणी केलेला दिसत नव्हता.

१८ जूनला रीकॉल बाजारात यायचं होतं. १३ जूनला ते पुढे ढकललं गेलं. शेवटी एप्रिल २०२५मध्ये आलं तेव्हा आपसूक चालू नव्हतं, आपण चालू केलं तरच चालणार होतं. डेटा एन्क्रिप्ट झालेला, आणि उघडायला चेहरा, बोट किंवा पिन लागणारा. तरी पुढच्याच महिन्यात सिग्नल या मेसेजिंग ॲपने विंडोजवर आपली खिडकी स्क्रीनशॉटमध्ये काळी दिसेल अशी सोय केली. त्यासाठी त्यांनी वापरली चित्रपटांची चोरी थांबवण्यासाठी बनवलेली युक्ती, कारण 'माझा फोटो काढू नको' असं सांगायला साध्या ॲपसाठी विंडोजमध्ये दुसरा सोयीचा मार्गच नव्हता.

आता 'राईचा पर्वत' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे विंडोज, मॅक वगैरेंच्या नावाने बोटं मोडणारा माणूस बहुधा ते एखाद्या ब्राउझरमध्ये बसूनच करत असतो. त्या ब्राउझरमध्ये त्याने हौसेने एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकलेली असतात. टाकताना खिडकी स्पष्ट सांगते: सर्व वेबसाइटींवरचा तुमचा सगळा डेटा हे वाचू आणि बदलू शकेल. तो 'ॲड' दाबतो. रॅम किती हे मायक्रोसॉफ्टला कळू नये म्हणून धडपड करायची, आणि बँकेचं पान वाचायची परवानगी कुणा अनोळखी प्रोग्रामरला देऊन टाकायची, याला काय म्हणावं? साध्या वापरकर्त्याच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे: आधी ब्राउझर, मग अकाउंटं, त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम.

यातल्या अकाउंटांवर मात्र म्हणावी तेवढी ओरड होत नाही. विंडोज ११च्या घरगुती आवृत्तीत पहिल्यांदा संगणक चालू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतात. ते टाळायची एक छोटी आज्ञा जाणकारांना ठाऊक होती. २०२५मध्ये चाचणी आवृत्तीतून तीही काढली गेली. आणि अकाउंटने लॉगिन केलं, की पुष्कळ नव्या संगणकांवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती काही लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. पण त्या कुलपाची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत डिस्क उघडायची किल्ली, त्याच अकाउंटमध्ये, कंपनीच्या सर्व्हरवर जमा होते. जे कंपनीकडे आहे ते कायद्याने मागता येतं. मॅकमध्ये एन्क्रिप्शन चालू करताना रिकव्हरी की स्वतःकडे ठेवण्याचा पर्याय मिळतो. लिनक्समध्ये पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, आपणच ठरवतो आणि विसरलो तर आपणच भोगतो.

पत्रकार, वकील, चळवळीतली माणसं, घरातल्याच कुणापासून लपून राहणारी माणसं, यांच्यासाठी ही किल्ली कुठे आहे हा प्रश्न टेलिमेट्रीच्या, म्हणजे यंत्राने कंपनीला आपोआप पाठवलेल्या, शंभर नोंदींपेक्षा मोठा आहे. त्यांना 'तुम्ही उगाच घाबरता' असं सांगायची माझी तयारी नाही.

बाकीच्यांनी काय करावं? 'ऑप्शनल' माहिती बंद करा, जाहिरातींचा ओळख क्रमांक बंद करा, रीकॉल असेल तर चालू करू नका. पाच मिनिटांचं काम. 'एका क्लिकमध्ये सगळी हेरगिरी बंद' म्हणणाऱ्या फुकट टूल्सपासून लांब राहा. ती ॲडमिनचे सगळे अधिकार मागतात, आणि कित्येकदा जाता जाता सुरक्षेचे अपडेटही बंद पाडतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी कीचं पान एकदा उघडा. तिथे ४८ आकड्यांची की दिसली, तर ती कागदावर उतरवून घ्या, आकडे दोनदा ताडून पाहा, आणि मगच अकाउंटमधून पुसायची की नाही ते ठरवा. कागद हरवला आणि अकाउंटमधूनही पुसलेली असली, तर ती डिस्क मायक्रोसॉफ्टलाही उघडून देता येणार नाही.