पुढचं गाणं कानात आधीच वाजतं

नमस्कार. एवढा पाऊस, गंगापूर रोडला एवढी गर्दी, तरी सभागृह भरलंय. गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या या शहरात वक्त्याला श्रोते शोधावे लागत नाहीत, असं मी बाहेरगावच्या मित्रांना नेहमी सांगतो. आज त्यांना पुरावा देता येईल.

विषय तुम्हाला माहीत आहे: रॉक अल्बम, त्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि गाण्यांचा क्रम. संयोजकांना मी तीन मुद्दे कळवलेत. क्रम कोण ठरवतं, तो बदलला की काय होतं, आणि ज्या आवृत्तीवर आपला पहिल्यांदा जीव जडला ती 'चुकीची' निघाली तरी आपलीच का राहते. तिन्ही मुद्दे घेणार आहे. पण सुरुवात आरतीपासून करतो.

गणपतीत तुमच्या घरी 'सुखकर्ता दुःखहर्ता' झाल्यावर कोणती आरती म्हणतात? (सभागृहातून एकाच वेळी निरनिराळी उत्तरं.) पाहा! एका शहरातले लोक आणि एकमत नाही. आमच्याकडे 'लवथवती विक्राळा'. त्र्यंबकेश्वर जवळ, म्हणून शंकराचा नंबर लगेच लागत असेल. माझ्या सासुरवाडीला 'दुर्गे दुर्घट भारी'. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत 'सुखकर्ता' संपली, झांजा क्षणभर थांबल्या, आणि सगळे 'दुर्गे' म्हणत असताना माझ्या तोंडून 'लवथवती' निघून गेलं. विचार करून कुणी आरती म्हणत नाही. झांजा थांबतात तेवढ्या वेळात पुढची आरती आत सुरू झालेली असते. त्या दिवशी मला माझ्या घराची जेवढी आठवण आली, तेवढी आधीच्या दोन महिन्यांत आली नव्हती. 'घालीन लोटांगण' मात्र दोन्ही घरी शेवटीच होतं. ते मध्ये कुठेही घातलं तर प्रसादासाठी हात पुढे येतील.

रॉक अल्बमचंही हेच आहे. गाणी तर आपण ऐकतोच. पण एक गाणं संपून दुसरं सुरू होण्यापूर्वीचे ते दोन-तीन सेकंद आपले स्वतःचे असतात. तिथे काही वाजत नसतं, आणि तरी आपल्याला ऐकू येत असतं.

आता माझी कॅसेट. ही बघा, बरोबर आणलीये.

साल १९८६, मी अकरावीत. महात्मा गांधी रोडच्या मागे एका बोळात कॅसेट भरून देणारं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांना 'कॅसेट भरून देणं' म्हणजे काय ते सांगायला नको, तरुणांसाठी सांगतो. दुकानात एक जाडजूड वही असायची. त्यात रेकॉर्डची नावं आणि नंबर. आपण नंबर सांगायचा, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी जायचं. दुकानदाराला आम्ही सगळे काका म्हणायचो. वहीत आधी भावगीतं, मग नाट्यगीतं, मग हिंदी सिनेमा, मग गझला, आणि शेवटच्या काही पानांवर फक्त 'इंग्रजी'. मी पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा नंबर दिला, तो नुसत्या कव्हरवर भाळून. काळ्या रंगावर तो त्रिकोणी लोलक आणि त्यातून फुटलेले रंग.

ही रेकॉर्ड १९७३ ची. दोन्ही बाजू मिळून साधारण ४३ मिनिटं. कॅसेट ६० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ३०. गणित इथेच फसलं, आणि माझं भाग्य इथेच उजळलं. रेकॉर्डची पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'ने संपते. काकांनी तिथे टेप पॉज केली, रेकॉर्ड उलटली, पॉज काढला. पुढचं 'मनी' संपलं, 'अस अँड देम' सुरू झालं. ते पावणेआठ मिनिटांचं. चार-साडेचार मिनिटं झाली आणि कॅसेटची बाजू संपली. खट्! काकांनी कॅसेट उलटली, सुई अंदाजाने थोडी मागे ठेवली आणि उरलेलं भरलं. म्हणून माझ्या कॅसेटवर ए बाजूच्या शेवटी जे चार-पाच सेकंद आहेत, तेच बी बाजूच्या सुरुवातीला पुन्हा येतात.

रेकॉर्ड संपली तरी बी बाजूला पंधराएक मिनिटं कोरी उरत होती. गिऱ्हाइकाला कोरी टेप देणं काकांच्या तत्त्वात बसत नसे. त्यांनी दुसऱ्या एका रेकॉर्डवरची दोन गाणी घातली आणि कार्डावर निळ्या शाईने, देवनागरीत, लिहिलं: 'पिंक फ्लॉइड वगैरे'.

हे 'वगैरे' म्हणजे डीप पर्पल या बँडच्या 'मशीन हेड'मधलं 'हायवे स्टार' आणि 'स्मोक ऑन द वॉटर'. मला ते माहीत नव्हतं. 'डार्क साइड' हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. ते ठोके विरत विरत जातात. माझ्या कॅसेटवर ते विरले की क्षणभर खरखर, आणि मग 'हायवे स्टार'ची ती सुरुवात! एकाच जागी घुमणारी, चढत जाणारी धडधड, आणि मग गाडी सुटते. मला वाटायचं, थांबलेलं हृदय पुन्हा चालू झालं. माणूस मरतो आणि रस्त्यावर सुसाट निघतो. दोन वर्षं मी हाच अल्बम ऐकला. पावसाळ्यात, आमच्या पंचवटीतल्या घरी, माळ्यावर बसून. अर्थ असा लागला होता की मी तो मित्रांना समजावूनही सांगायचो.

१९८८ मध्ये पुण्याला शिकायला गेलो. एका मित्राच्या मामांकडे खरी रेकॉर्ड होती. रविवारी दुपारी त्यांनी ती लावली. 'ग्रेट गिग' हे क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांशिवाय गायलेलं गाणं. ते संपलं, सुई आतल्या कडेला जाऊन टक् टक् करत राहिली. मामा उठले. रेकॉर्डच्या कडांना तळहात लावून ती उलटली, मखमली ब्रशने पुसली, फुंकर मारली, सुई ठेवली. मिनिटभर गेलं असेल. मृत्यूपुढे उभ्या राहिलेल्या त्या आवाजानंतर एक मिनिट शांतता, आणि मग 'मनी'च्या सुरुवातीचा गल्ल्याचा खणखणाट. माझ्या कॅसेटवर श्वास घ्यायलाही जागा नव्हती, बाईचा आवाज विरतो न विरतो तोच पैसे वाजायला लागायचे. त्या दुपारी कळलं की हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

शेवटी ठोके विरले. मामांनी सुई उचलली. मी तसाच बसून होतो. ते म्हणाले, "काय रे, कसली वाट बघतोयस?" मी म्हटलं, "मामा, पुढचं." ते म्हणाले, "पुढचं काय? संपलं." पण माझ्या कानात ती धडधड सुरू झालेली होती. आजही होते. अस्सल रेकॉर्ड असो, सीडी असो, ठोके विरले की माझा पाय 'हायवे स्टार'चा ठेका धरतो. याला कुणी चूक म्हणेल. मी म्हणत नाही.

इथे एक तक्रार मांडतो, कारण ती फार दिवस मनात आहे. मोबाइलवर आता जुन्या अल्बमच्या वाढीव आवृत्त्या मिळतात. मूळ अल्बम संपतो आणि श्वासही न घेता मागून कच्ची ध्वनिमुद्रणं, अर्धवट चाली, त्याच गाण्याचा चौथा प्रयत्न सुरू होतो. ही सामग्री मोलाची आहे, मी स्वतः ती तासन्‌तास ऐकतो. पण ती वेगळ्या ताटात वाढा ना! पंगतीत ताकभात झाला, माणूस हात धुवायला उठतोय, आणि तेवढ्यात कुणी मसालेभाताचं पातेलं घेऊन आलं तर जेवणाची चव जाते. मैफल भैरवीने संपते. भैरवीनंतर गायकाचा सकाळचा रियाज ऐकवायचा नसतो. माझी पुतणी म्हणते, "काका, तिथे बंद करायचं." अगं, पण ज्याला तो अल्बम पहिल्यांदा भेटतोय, त्याला कुठे बंद करायचं ते कोण सांगणार?

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं उरलीत म्हणे. ठीक आहे, तिन्ही मुद्दे भराभर घेतो.

क्रम कोण ठरवतं? कलावंत आणि निर्माता, हे झालंच. पण आधी ठरवते ती वस्तू. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला एका फेरीत सुई साधारण ९० सेंटीमीटर धावते, आत पोचते तेव्हा ४० च्या आसपास. वेळ तोच, जागा निम्म्याहून कमी. म्हणून आतल्या बाजूला तीव्र आवाज फाटतात, आणि म्हणूनच कितीतरी रेकॉर्डवर बाजूच्या शेवटी संथ, हळुवार गाणं असतं. आपण त्याला कवित्व समजतो. असतंही, पण त्याचा जन्म रेकॉर्डच्या खाचेत झालेला असतो. कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या भराव्या लागत, नाहीतर टेप वाया जाई. म्हणून कंपन्या गाणी इकडची तिकडे करत. सीडी आली आणि बाजूच गेल्या. जपानमध्ये परदेशातून आलेली सीडी स्थानिक सीडीपेक्षा स्वस्त पडायची, म्हणून तिथल्या आवृत्तीत जादा गाणी घालायची प्रथा पडली.

क्रम बदलला की काय होतं? १९६७ चा गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा पहिला अल्बम घ्या. ब्रिटनमध्ये तो 'फॉक्सी लेडी'ने उघडतो, अमेरिकेत 'पर्पल हेझ'ने. दारात वेगळा माणूस उभा. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' ब्रिटनमध्ये १४ गाण्यांचा, अमेरिकेत ११ चा. गळलेली तिन्ही गाणी बीटल्सपैकी जॉन लेननची, ती तिथल्या कंपनीने आधीच दुसऱ्या रेकॉर्डवर वापरून टाकली होती. अमेरिकेतल्या पोराने १९६६ मध्ये जो 'रिव्हॉल्व्हर' ऐकला, त्यात लेनन पाहुण्यासारखा येऊन जातो.

आणि तिसरा मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर इथे आलो. १९६५ च्या डिसेंबरात बीटल्सचा 'रबर सोल' आला. ब्रिटिश आवृत्ती 'ड्राइव्ह माय कार'ने सुरू होते, इलेक्ट्रिक, ठसकेबाज. अमेरिकन कंपनीने ते गाणं काढलं, आणखी तीन काढली, आणि आधीच्या 'हेल्प!'मधली दोन मवाळ गाणी घालून १२ गाण्यांचा अल्बम केला. सुरुवात झाली 'आय'व्ह जस्ट सीन अ फेस'ने. अख्खा अल्बम एकदम लाकडी, गिटारच्या पेटीच्या वासाचा झाला. बीटल्सनी असा अल्बम केलेलाच नव्हता. कंपनीने केला, धंद्यासाठी. तो कॅलिफोर्नियात बीच बॉइज या बँडच्या ब्रायन विल्सनने ऐकला. सगळी गाणी एकाच विणीची आहेत हे बघून तो हलला, आणि त्याने 'पेट साउंड्स' हा अल्बम केला, मे १९६६ मध्ये. तो बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने ऐकला, तोही हलला, आणि त्या धक्क्यातून बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' घडायला मदत झाली. ज्याला तुम्ही मोडतोड केलेली आवृत्ती म्हणाल, तिच्या पोटातून हे आलंय. १९८७ मध्ये बीटल्सचे अल्बम सीडीवर आले तेव्हा जगभर ब्रिटिश क्रम प्रमाण ठरला, आणि ते योग्यच झालं. पण 'मॅजिकल मिस्टरी टूर'च्या बाबतीत मात्र अमेरिकन कंपनीने जुळवलेला अल्बमच प्रमाण मानला गेला. लोकांनी तोच घरात वागवला होता ना!

२०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप उलटसुलट वाजवणारं बटण मागे घेतलं. ती रॉकवाली नव्हे, पण तिचे उपकार मी मानतो.

वेळ संपली. आता बोलत नाही, लावतो. हा डेक कालच दुरुस्त करून आणलाय. ए बाजूचा शेवट ऐकूया, मग मी कॅसेट उलटेन, मग बी बाजू पूर्ण, 'वगैरे'सकट. उलटल्यावर तेच चार-पाच सेकंद पुन्हा येतील. यंत्राकडे बघू नका, ते तसंच आहे. पंखे बंद करता का जरा?