सम्मतीच्या आधी

मित्रहो, दर जानेवारीत सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेला आपण सम्मती कट्ट्याजवळ त्यांच्या योगदंडाच्या विवाहाच्या अक्षता टाकायला जमतो. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांना वरले, तेव्हा आपण योगी आहोत, संसार करू शकत नाही, हे त्यांनी तिला आधी सांगितले आणि मगच योगदंडाशी विवाहाला अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण मेंदूविकारांचा डॉक्टर म्हणून माझ्यासमोर येणाऱ्या बऱ्याच लग्नांत तो उलटा झालेला असतो.

ओळख पटू नये इतका बदल करून एक हकिकत सांगतो. मुलगी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली; आई पाने भिजवून, कातरून दिवसभर विड्या वळणारी. मुलगा साखर पेठेतल्या यंत्रमागधारकाचा. दोन्ही घरे तेलुगू बोलणारी, पद्मशाली, त्यामुळे जातीचे कारण पुढे करता येईना; मग ‘चालरीत’, ‘घराणे’ असे शब्द निघाले. मुलीला शाळेपासून फेफरे होते. कंबर तलावाच्या काठी तिने ते मुलाला सांगितले. तो डगमगला नाही. फक्त म्हणाला, घरी बोलू नकोस, बाबा निमित्तच शोधताहेत. प्रेमविवाहात लपवाछपवी नसते असे आपण मानतो. इथे दोघांचे एकमेकांशी खरे होते, पण घराशी दोघांनी मिळून खोटे केले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

गोळ्या पावडरच्या डब्यात लपल्या. हळद, जागरण, पाहुणे या गडबडीत दोन दिवस त्या चुकल्या, झोपही झाली नाही. फेफऱ्याच्या रुग्णाला झटका यायला एवढे पुरते. सत्यनारायणाच्या पूजेत ती कोसळली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल नाकाशी धरली, आणि दातखीळ सोडवायला तोंडात घातलेल्या चमच्याने तिचा पुढचा दात तुटला. (येथे बसलेल्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे: रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा, आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला तर रुग्णालय गाठा.)

योग्य निदान आणि उपचार मिळाले तर सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. मात्र गोळी लपवून घेणारीला डॉक्टरही लपूनच गाठावा लागतो. व्हॅल्प्रोएटसारखे फेफऱ्यावरचे औषध गर्भाला अपाय करू शकते; ते बदलायचे तर दिवस राहण्याआधी, सावकाश बदलावे लागते. ज्या घरात आजाराचे नाव निघत नाही, तिथे ही गोष्ट कोण काढणार?

पंधरा दिवसांनी मुलाचे वडील माझ्याकडे सुनेच्या आजाराचा दाखला मागायला आले. वकिलाने सांगितले होते. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे 1976 च्या दुरुस्तीने लग्नाच्या आड येत होते. 1999 साली ते शब्द वगळले गेले. मात्र महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल, तर कलम 12 खाली फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द करण्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज फसवल्या गेलेल्या जोडीदाराने करायचा, आणि येथे नवऱ्याला तर सारे ठाऊक होते. मी हे समजावत असताना गृहस्थ सहज बोलून गेले, “आमच्या धाकट्या भावालाही हेच होतं, पण त्याचं औषध पुण्याहून यायचं, कुणाला पत्ता लागला नाही.” भावाचे लग्न कसे ठरले, हे मी विचारले नाही. पुण्याचा डॉक्टर परवडणाऱ्याचा आजार घरात राहतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहणाऱ्याचा आजार गल्लीला कळतो.

दाखला मी दिला नाही. मुलगा वेगळा राहायला गेला आणि वर्षभराने परत आला. औषध बदलले आहे, झटके थांबले आहेत. आता तपासणीला सासूच तिला घेऊन येते आणि गोळीच्या वेळा मला तोंडपाठ म्हणून दाखवते. सासरे बाहेर गाडीत बसतात. आजाराची हरकत केव्हाच मिटली. पण व्याह्यांच्या घरकुलाची पायरी ते अजून चढलेले नाहीत.